शिक्षा झाल्यावर नवा वैज्ञानिक पुरावा सापडला तर सुटका होते का?

होऊ शकते, पण आपल्याकडे वाट अवघड आहे. अपील मुंबई उच्च न्यायालयात प्रलंबित असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३२ खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ३९१) जादा पुरावा घेण्याची विनंती करता येते. मात्र ती मान्य करणं न्यायालयाच्या मर्जीवर. कैद्याला हक्काने डीएनए चाचणी मागता येईल, असा वेगळा कायदाच नाही. माझ्या मते खरी उणीव तिथेच आहे.

परदेशातलं ठळक उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या कॅथलीन फोलबिगचं. चार मुलं गेली, २००३ मध्ये आईच दोषी ठरली. पुढे दोन मुलींमध्ये हृदयाची लय बिघडवू शकणारा कॅल्म२ जनुकातला दोष आढळला. २० वर्षांनी, जून २०२३ मध्ये, तिला माफी मिळाली आणि डिसेंबरात शिक्षा रद्द झाली. म्हणजे विज्ञान म्हटलं की फक्त रक्ताचे डाग आणि बोटांचे ठसे नव्हेत.

तुमच्या प्रकरणात पहिलं काम एकच: मुद्देमाल शिल्लक आहे का ते बघा. अपील संपलं की तो नष्ट करण्याचा आदेश निघू शकतो, आणि नमुनाच नसेल तर मुंबईतली कलिन्याची न्यायवैद्यक प्रयोगशाळा तरी काय तपासणार? तो जपून ठेवावा असा अर्ज वकिलांना लगेच करायला सांगा. वकील परवडत नसेल तर उच्च न्यायालयाची विधी सेवा समिती आहे; कोठडीतल्या माणसाला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.