लॅपटॉपचं झाकण बंद केलं की सोबत काय काय बंद होतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लॅपटॉप 13 इंची, पुढच्या आठवड्यात सीकेए (कुबरनेटिस या सर्व्हर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची प्रमाणपत्र परीक्षा) घरून द्यायची आहे, घरात 24 इंची मॉनिटर पडून आहे. तो जोडला तर चालेल का, की कॅमेऱ्यातून लक्ष ठेवणारा पर्यवेक्षक परीक्षाच थांबवेल?

चालतो. मी पुण्यात कर्वेनगरच्या आमच्या वन बीएचकेमध्ये बेडरूमचं दार लावून, मॉनिटर जोडूनच दिली. मॉनिटर कोणता याला कुणाची हरकत नसते, फक्त चालू स्क्रीन एकच पाहिजे. लॅपटॉपची किंवा बाहेरची. मायक्रोसॉफ्टच्या परीक्षा पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीकडून घरी देता येतात, तिथेही स्क्रीन एकच लागते.

आणि जोडाच. 2022च्या जूनपासून सीकेए रिमोट डेस्कटॉपमध्ये, म्हणजे दूरच्या संगणकाचा डेस्कटॉप आपल्या स्क्रीनवर उघडून, चालते. डावीकडे प्रश्न, उरलेल्या जागेत तो डेस्कटॉप, त्याच्या आत टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) आणि कुबरनेटिसची कागदपत्रं उघडायला फायरफॉक्स. 13 इंचांवर हे म्हणजे एसटीत तिसऱ्या सीटवर बसल्यासारखं. 2 तास आहेत आणि पास व्हायला 66 टक्के लागतात. त्यातला वेळ खिडक्या मागेपुढे करण्यात घालवू नका.

आता खरी मेख. स्क्रीन एकच हवी म्हणजे लॅपटॉपचं झाकण बंद. विंडोजमध्ये विंडोज आणि पी दाबून 'सेकंड स्क्रीन ओन्ली' केलं की लॅपटॉपची स्क्रीन काळी होते, पण झाकण उघडंच ठेवलंत तर ती खरंच बंद आहे हे कॅमेऱ्यापलीकडच्या माणसाला कसं पटवणार? त्यापेक्षा मिटून टाका. मात्र मिटलं की नुसती स्क्रीन जात नाही. कॅमेरा जातो, कीबोर्ड जातो, टचपॅड जातो, माइकचाही भरवसा राहत नाही. हे सगळं बाहेरून आणावं लागतं, आणि लोक तिथेच फसतात. मॉनिटरची केबल कुणी विसरत नाही.

माझी फजिती सांगते. आदल्या दिवशी रंगीत तालीम करायला बसले. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्सला जाऊन झाकण मिटल्यावर काय करायचं तिथे 'डू नथिंग' निवडलं. झाकण मिटलं आणि मॉनिटर गप्प. उघडलं, परत मिटलं, परत गप्प. केबल बदलली, मॉनिटरला दोन शिव्या घातल्या. शेवटी लक्षात आलं की त्या सेटिंगला दोन रकाने असतात, एक बॅटरीवर असतानाचा आणि एक चार्जर जोडलेला असतानाचा. मी दुसराच बदलला होता. आणि चार्जर जोडलेला होता खरा, पण भिंतीवरच्या बोर्डाचं बटणच बंद! लॅपटॉप आपला बॅटरीवर, त्यामुळे मुकाट झोपी जात होता. दोन्ही रकाने बदला, आणि बटणही बघा. मॅकबुक असेल तर चार्जर आणि बाहेरचा कीबोर्ड-माउस जोडून झाकण मिटलं की मॉनिटर चालू राहतो.

मॅकवाल्यांसाठी आणखी एक. अलीकडच्या मॅकबुकमध्ये झाकण मिटलं की आतला माइक हार्डवेअरमधूनच तोडला जातो, कुठलंही सेटिंग त्याला परत आणू शकत नाही. म्हणून वेबकॅम माइकवालाच घ्या. हेडफोन, इअरबड चालत नाहीत. आवाजाचीही एक गंमत आहे: एचडीएमआय जोडली की बरेचदा विंडोज आवाज मॉनिटरकडे पाठवतं, आणि मॉनिटरला स्पीकरच नसतो. चेक-इनच्या (परीक्षेआधीच्या ओळख आणि खोलीच्या तपासणीच्या) आधी आवाज कुठून येतोय ते बघून ठेवा.

वेबकॅम, यूएसबीची वाढीव तार, एचडीएमआय केबल हे सगळं मी तपकीर गल्लीतून आणलं. पासोड्या विठोबाच्या बाजूने शिरलात की दुकानं सुरू होतात, गाडी मात्र लांब लावून चालत जा. तारेवर कंजूषी करू नका. परीक्षेआधी कॅमेरा हातात धरून खोली दाखवावी लागते: चारही भिंती, टेबल, टेबलाखालचा भाग. लॅपटॉपच्या कॅमेऱ्याने हे करताना अख्खा लॅपटॉप उचलून फिरवावा लागतो, वेबकॅम सुटा असला तर सोपं जातं, पण तार पुरली पाहिजे. माझी टेबलाखाली जेमतेम पोचली. तिथे सासूबाईंची लोणच्याची बरणी होती, ती मी तालमीत पाहिलीच नव्हती. बरणी बाहेर, आणि भिंतीवरचं कॅलेंडरही खाली. पाणी प्यायचं असेल तर पारदर्शक बाटलीत, लेबल काढून.

मॉनिटर फोर के असला तर रिझोल्यूशन 1920 बाय 1080वर आणा, नाहीतर रिमोट डेस्कटॉपमधली अक्षरं मुंगीएवढी दिसतात. लॅपटॉपला फक्त यूएसबी-सी असेल तर ते पोर्ट चित्र बाहेर पाठवतं का हे आधी तपासा. काही पोर्ट नुसती चार्जिंगची आणि डेटाची असतात, आकार मात्र तोच. शक्यतो थेट केबल लावा. ज्या डॉकला (एका तारेने बरीच उपकरणं जोडणाऱ्या डबीला) स्वतःचा ड्रायव्हर लागतो तो परीक्षेपुरता बाजूला ठेवा. मॅकवर डिस्प्लेलिंकचे डॉक स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी मागतात, आणि ज्यात परीक्षा चालते त्या सुरक्षित ब्राउझरसमोर असलं काही चालू ठेवण्यात शहाणपणा नाही. कंपनीचा लॅपटॉपही नकोच. त्यावरचं व्हीपीएन आणि सुरक्षेची सॉफ्टवेअर्स बंद करायचा अधिकार आपल्याकडे नसतो.

वीज. लॅपटॉपला बॅटरी आहे, मॉनिटरला नाही, हे जोडताना कुणाच्या डोक्यात येत नाही. एरवी लाइट गेली तर लॅपटॉपवर काम चालू राहतं. झाकण मिटून बसलेला माणूस मात्र अंधारात. मॉनिटर आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या, आणि आदल्या दिवशी मेन स्विच पाडून बघा. इन्व्हर्टर भार घेतो त्या क्षणी आमचा राउटर एकदा रिस्टार्ट झाला होता, म्हणून मी त्याला वेगळा छोटा यूपीएस लावला. आणि पुण्यात असाल तर गुरुवारचा स्लॉट घेऊ नका. देखभाल-दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायची ती गुरुवारीच, हे आपल्याला काय नवीन आहे? गणपतीच्या आधीच्या महिन्यात संध्याकाळही टाळा, विशेषतः नदीपात्राजवळ राहत असाल तर. ढोल पथकांचा सराव दार-खिडक्या लावूनही आत येतो. मी सकाळी साडेसातची वेळ घेतली, कामवाल्या मावशी दहाला येतात त्या हिशेबाने जरा लवकर.

परीक्षेआधीची सिस्टिम चेक (लॅपटॉप, कॅमेरा, नेट चालतंय का याची चाचणी) करताना याच तारा, हाच कॅमेरा, झाकण मिटलेलं, असं करा. उघड्या लॅपटॉपवर केलेला चेक या मांडणीबद्दल काहीच सांगत नाही. परीक्षेचं बटण अर्धा तास आधी उघडतं, तेव्हाच आत शिरा.

खाली कमेंटमध्ये कुणीतरी मॉनिटरऐवजी टीव्ही चालेल का विचारलंय. चालू स्क्रीन एकच असेल तर नियमात बसेल, पण आमच्या टीव्हीवर टर्मिनलची बारीक अक्षरं धुरकट दिसत होती आणि कडा कापल्या जात होत्या. मी पाच मिनिटांत नाद सोडला.