जुने डायव्ह घड्याळ जरूर घ्या, पण हप्त्यांवर नको

ट्यूडर या स्विस कंपनीचे वापरलेले ‘ब्लॅक बे फिफ्टी-एट’ हे डायव्ह घड्याळ, म्हणजे पाण्याखाली बुडी मारतानाही घालता येणारे घड्याळ, आपल्याला पुण्यात 2,40,000 रुपयांना मिळत आहे. त्यासाठी क्रेडिट कार्डावर 16 टक्के दराने 12 हप्ते करावेत, की अडीअडचणीसाठी ठेवलेले 1,80,000 रुपये मोडावेत, आणि किंमत वाढणारच असेल तर ही गुंतवणूकच नव्हे का, असे आपण विचारले आहे.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण घोळ तिथेच आहे. 1958 सालच्या डायव्ह घड्याळाची आठवण जपत 2018 मध्ये आलेले हे 39 मिलिमीटरचे घड्याळ दुर्मिळ नाही, आणि 2021 च्या सुमारास वापरलेल्या स्विस घड्याळांचे चढलेले भाव पुढे उतरलेही. वापरलेले घेण्यातला खरा फायदा एवढाच, की नव्या घड्याळाची पहिली घट आधीच्या मालकाने सोसलेली असते. आयकराच्या दृष्टीनेही ही वैयक्तिक वापराची वस्तू आहे. विकून नफा झाला तर भांडवली नफ्याचा कर नाही, पण तोटा झाला तर तो कुठे वजाही करता येत नाही. तेव्हा हा खर्च आहे असे मानून चला. आवडीच्या वस्तूवर विचारपूर्वक केलेल्या खर्चाला माझा मुळीच विरोध नाही.

विरोध आहे तो हप्त्यांना. दरमहा सुमारे 21,775 रुपये भरून वर्षभरात 21,300 रुपये व्याज आणि त्यावर 18 टक्के जीएसटी जाईल, म्हणजे घड्याळ जवळपास 25,000 रुपयांनी महाग पडेल आणि आपली 25,000 रुपयांची मासिक बचत वर्षभर जवळजवळ सगळी त्यातच संपेल. राखीव रकमेला तर हातच लावू नका; 55,000 रुपयांच्या घरखर्चाला ती आजच जेमतेम सव्वातीन महिने पुरते. आधी सहा महिन्यांची सोय, म्हणजे 3,30,000 रुपये पूर्ण करा; त्याला सहा महिने लागतील, आणि घड्याळाचे पैसे त्यापुढच्या दहा महिन्यांत जमतील. बोनस आला तर हा काळ कमी होईल.

तोवर हेच घड्याळ विकले गेले तर जाऊ द्या, दुसरे मिळेल. शिवाय आपण पाठवलेल्या छायाचित्रात वॉरंटी कार्डावर मे 2020 ची तारीख दिसते, म्हणजे कंपनीची 5 वर्षांची हमी संपलेली आहे. पट्टा जिथे जोडला जातो तिथली तिरकी, धारदार कड गोलसर झालेली दिसते. केस, म्हणजे घड्याळाचे धातूचे बाहेरचे कवच, पॉलिश केल्याची ती खूण असू शकते, आणि तसे असेल तर भाव कमी व्हायला हवा. तारकर्लीच्या पाण्यात ते घालून उतरायचे आहे असे आपण लिहिता, पण 200 मीटर खोलीपर्यंत पाणी आत न शिरू देण्याची क्षमता आतले रबरी सील शाबूत असेपर्यंतच खरी असते. म्हणून कोणतेही जुने घड्याळ घेताना पाण्याच्या दाबाची चाचणी विक्रेत्याकडून लेखी मागा, सर्व्हिसिंगचा खर्च आधी विचारून तो किमतीतून वजा करायला लावा, आणि घड्याळावरचा क्रमांक वॉरंटी कार्डाशी स्वतः ताडून पाहा. पैसे बँकेतूनच द्या. 2 लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारायला विक्रेत्यालाही कायद्याने मनाई आहे, आणि पुढे कधी विकायचे झाले तर पक्के बिलच आपल्या उपयोगी पडेल.