नवी मुंबईत जागोजागी दिसणारे होल्डिंग पाँड कशासाठी आहेत?

वाशी, नेरूळ, बेलापूरला खाडीलगत जे मोठे तलाव दिसतात ते पावसाचं पाणी अडवून ठेवायला आहेत. त्यांच्या कडेने जॉगिंग ट्रॅक नंतर आले.

१९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर आखलं गेलं. खाडीकाठची बरीचशी जागा खाजणं (भरतीचं पाणी शिरणारी दलदल) आणि मिठागरं. भराव टाकूनही काही भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खालीच राहिला. आता भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर गटारातून पाणी बाहेर जाण्याऐवजी खाडीच आत येणार! म्हणून नाल्यांचं पाणी आधी तलावात घेतात. तलावाच्या खाडीकडच्या तोंडाशी झडपा असतात. भरतीचं पाणी बाहेरून रेटा देतं तशी झडप आपोआप घट्ट बसते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते आणि तलाव रिकामा होऊ लागतो. हे तंत्र डच पद्धतीचं म्हणून सांगतात, पण आमच्या पेण-अलिबागकडच्या खारबंदिस्तीतली (खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या बांधातली) उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार, याच तत्त्वावर चालते. आगरी शेतकऱ्याला त्यात नवल वाटायचं नाही.

मग तरी पाणी का तुंबतं? तलाव गाळाने उथळ झालेत. झडपा नीट मिटत नाहीत, तिथून खारं पाणी आत येतं, त्यावर कांदळवन वाढतं. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे गाळ उपसायचा तर आधी परवानग्यांच्या फेऱ्या.