वैनी गप्प गप्प असते

प्रश्न: ताई, 3 महिने झाले वैनी बोलत नाही, नीट जेवत नाही. दादा गोव्याला कामाला, पदरात 3 बारकी पोरं. आई म्हणते बाहेरचं आहे. खरंच का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर: बाहेरचं काही नाही गं. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस या संशोधकांनी लंडनच्या कॅम्बरवेलमधल्या बायकांचा अभ्यास केला, 1978 ला पुस्तक आलं, त्यात दिसलं की लहानपणीच आई गेलेली, घरात 14 वर्षांखालची 3 किंवा जास्त पोरं, बाहेर काम नाही आणि मन मोकळं करायला जवळचं कोणीच नाही, अशा बाईवर मोठं संकट आलं की डिप्रेशनचा धोका वाढतो. मला तर ते जवळचं कोणी नसणंच सगळ्यात जास्त मनाला लागतं. दादाला रोज फोन करायला सांग, तू तिच्याजवळ बस, आणि धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात दाखवून आण. आजच टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लाव, फुकट आहे.