एक्सचेंज २०१६ वरून ३६५ ला जायचंय? आधी एडी बघा

तुम्ही विचारलंत की एक्सचेंज २०१६ (आपल्याच सर्व्हरवरची मेल) वरून मायक्रोसॉफ्ट ३६५ (क्लाउडवरची मेल) ला कसं जायचं. म्हणजे तुमच्याकडे ३५० मेलबॉक्स, डोमेन डॉट लोकल वालं, दोन डीसी (डोमेन कंट्रोलर, लॉगिन सांभाळणारे सर्व्हर) पुण्यात नि एक चाकणच्या प्लांटला, आणि साहेबांना महिनाअखेर सगळं ३६५ वर हवंय. घाई समजू शकतो, २०१६ चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. पण मेलबॉक्स हलवणं हे यातलं सोपं काम आहे, ते रात्रभर आपलं आपलं चालतं. घोडं अडतं ते एडीत (अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे डीसीवर असलेली युजर नि लॉगिनची यादी).

पहिल्यांदा चाकणचा डीसी. रेपअ‍ॅडमिनची रेपलसमरी आणि डीसीडायग (डीसींची तब्येत नि आपसातलं सिंक दाखवणाऱ्या कमांड) चालवा, एरर दिसले तर ते निस्तरेपर्यंत बाकी कशाला हात लावू नका. लाइन सारखी पडणाऱ्या साइटवरचा डीसी महिनोन्महिने सिंक झालेला नसतो आणि कोणाला पत्ताही नसतो. १८० दिवस उलटून गेले असतील तर त्याला परत जोडायच्या भानगडीत पडू नका, काढून टाका, मेटाडेटा (एडीत उरलेल्या त्याच्या नोंदी) साफ करा आणि नवीन उभा करा. एडी रीसायकल बिन बंद असेल तर तो आजच चालू करा.

मग यूपीएन (युजरचं ईमेलसारखं दिसणारं लॉगिन नाव). डॉट लोकल क्लाउडवर व्हेरिफाय होत नाही, तसंच सिंक केलंत तर लोकांना ऑनमायक्रोसॉफ्ट डॉट कॉम वाली लॉगिन मिळतील. एडीच्या डोमेन्स अँड ट्रस्ट्स टूलमध्ये खरं डोमेन सफिक्स म्हणून टाका आणि यूपीएन ईमेलसारखाच करा. जुनं बॅकस्लॅशवालं लॉगिन चालूच राहतं. फक्त ईआरपी, व्हीपीएन यूपीएनवर चालत नाहीत ना ते आधी विचारून घ्या.

आयडीफिक्स (सिंकच्या आधी एडीतल्या चुका शोधणारं टूल) चालवाल तेव्हा डुप्लिकेट पत्त्यांवर डोळे झाकून अ‍ॅक्सेप्ट मारू नका. बऱ्याचदा सोडून गेलेल्या माणसाचा पत्ता नव्याला दिलेला असतो आणि जुन्या डिसेबल अकाउंटवरही तसाच पडलेला असतो, कुठला ठेवायचा ते एचआरलाच माहीत. आणि हो, ज्या मेलबॉक्सवर ईमेल अ‍ॅड्रेस पॉलिसीची (आपोआप पत्ते देणारा नियम) टिक काढलेली आहे त्यांची यादी काढा (बहुतेक डायरेक्टर मंडळीच निघतील), कारण हायब्रिड विझार्ड (इकडचं एक्सचेंज क्लाउडशी जोडणारं टूल) मेल डॉट ऑनमायक्रोसॉफ्टवाला पत्ता पॉलिसीतून देतो, टिक नसेल तर तो मिळत नाही आणि नेमका साहेबांचाच मेलबॉक्स मूव्ह होताना फेल जातो.

आता जिथे सगळ्यात जास्त लोक आपटतात ते. लॉकडाउनमध्ये टीम्ससाठी क्लाउडवर हाताने अकाउंट काढून लायसन्स वाटली होती का? त्या लायसन्समध्ये एक्सचेंज ऑनलाइन असेल तर त्या माणसाचा एक मेलबॉक्स तिकडे आधीच तयार झालाय आणि खरा इकडे आहे. मग क्लाउडवरच्या माणसाने पाठवलेली मेल तिकडच्या डब्यात पडते, तो डबा कोणी उघडत नाही, आणि मूव्हही होत नाही. इकडच्या मेलबॉक्सचा एक्सचेंज जीयूआयडी (मेलबॉक्सचा ओळख क्रमांक) आधी सिंक होऊन गेला असेल तर लायसन्स दिलं तरी दुसरा मेलबॉक्स बनत नाही, म्हणून क्रम एकच, आधी सिंक मग लायसन्स. आधीच झालेले डबल मेलबॉक्स साफ करता येतात, पण त्यातली मेल कायमची जाते, तेव्हा आधी काढून ठेवा. अशी जुनी क्लाउड अकाउंट एडीच्या युजरला प्रायमरी ईमेलवरून जुळतात, अ‍ॅडमिन रोलवाली मात्र जुळत नाहीत, त्यांचा रोल तेवढ्यापुरता काढावा लागतो.

एन्ट्रा कनेक्ट (तेच ते अझूर एडी कनेक्ट, एडीतले युजर क्लाउडला सिंक करणारं) टाकताना सुरुवातीला आयटीवाल्यांचा एकच ओयू (एडीतला फोल्डर) निवडा. एक खास तुमच्यासाठी: एका झटक्यात ५०० पेक्षा जास्त ऑब्जेक्ट (युजर, ग्रुप वगैरे) डिलीट व्हायला लागले तर ते स्वतःहून थांबतं, हा डिफॉल्ट आहे. तुमचे ऑब्जेक्ट सगळे धरून तेवढे भरतील की नाही शंकाच आहे, म्हणजे ओयूची टिक चुकून निघाली तर अख्खी कंपनी उडेल आणि ते गप्प बसेल. आकडा २० वर आणा. उडालेले युजर ३० दिवस परत आणता येतात, पण त्या दिवशीचे फोन तुम्हालाच घ्यावे लागतील.

साहेबांना सांगा की या महिन्यात एडी आणि आयटीचे चार-पाच मेलबॉक्स, बाकीचं पुढच्या महिन्यात. रेपलसमरीचं आउटपुट, त्यातले आयपी नि नावं वगळून, इथे पोस्ट करा, चाकणचं काय ते बघू.