मस्कतहून निझवाला जाताना बिरकत अल मौझला नक्की वळा

तुम्ही विचारलंय की पाच दिवस ओमानमधे मस्कतला जातोय, सोबत वय झालेले आई-वडील आहेत, मॉल आणि बीच सोडून वाळवंटातलं एखादं शांत, कमी गर्दीचं ओअ‍ॅसिस वाटेत करता येईल का. येईल की. बिरकत अल मौझ. मस्कत-निझवा रस्त्यावर निझवाच्या अलीकडं पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे, मस्कतपासून गाडीनं दीड तास धरा. निझवाचा किल्ला आणि बाजार बघायला बहुतेक सगळे जातात, पण या गावाच्या पाटीवरनं गाड्या सुसाट निघून जातात, आम्हीपण पहिल्यांदा तसेच गेलो होतो, परत येताना दाजी म्हणाले अर्धा तास थांबू आणि मग तिथं तीन तास गेले.

आधी एक सांगून ठेवतो, ओअ‍ॅसिस म्हणलं की आपल्या डोळ्यासमोर पिवळी वाळू आणि मधी एक तळं येतं, तसं इथं नाही. वाळूच्या टेकड्या बघायच्या असतील तर वाहिबाकडं जावं लागतं, ती दिशाच वेगळी. हे गाव जबल अखदर डोंगराच्या पायथ्याला आहे, चहूकडं नुसता भाजल्यासारखा तपकिरी खडक, झाड म्हणून दिसत नाही, आणि एकदम एका वळणावर खाली खजुराच्या झाडांचा हिरवा पट्टा लागतो. नावाचा अर्थ सांगायचा तर मौझ म्हणजे केळी आणि बिरकत म्हणजे तळं. खजुराच्या सावलीत खरंच केळी लावलेल्या आहेत, केळीच्या खाली चारा, एकाच पाण्यावर तीन मजली शेती.

मी लातूरचा. 2016 च्या एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते लातूर. पहिल्या गाडीला 10 टँकर होते, 5 लाख लिटर पाणी, ती गाडी बघायला लोक स्टेशनवर गेले होते, आणि आमच्या गल्लीत पुढं कितीतरी दिवस घागरींच्या रांगा होत्या. त्यामुळं मला पाणी दिसलं की मी आधी पाणीच बघतो, बाकी सगळं नंतर. माझी ताई आणि दाजी मस्कतला असतात, दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना घेऊन मी त्यांच्याकडं गेलो. आप्पा औसा तालुक्यातले शेतकरी, आयुष्यभर पाण्याच्या मागं पळालेला माणूस. मस्कतमधे त्यांना फिरवलं, समुद्र दाखवला, मोठी मशीद दाखवली, सगळ्याला छान छान म्हणायचे आणि गाडीत येऊन बसायचे. बिरकत अल मौझला मात्र गाडीतून उतरले आणि पाटाच्या कडेला जे उभे राहिले ते हलायलाच तयार नाहीत.

तो पाट म्हणजे फलज. तिथल्या या फलजाचं नाव अल-खतमीन, ओमानमधल्या ज्या पाच फलजांना युनेस्कोनं 2006 साली जागतिक वारसा म्हणून घेतलं त्यातला हा एक. डोंगराच्या पायथ्याला, जिथं जमिनीत पाणी आहे तिथं एक खोल विहीर खणलेली असते, तिला ते लोक फलजाची आईच म्हणतात. त्या विहिरीपासून गावाकडं जमिनीखालून बोगदा काढलेला, एकदम हलका उतार ठेवून, आणि वाटेत ठरावीक अंतरावर उभे खड्डे, हवा जायला आणि माणूस उतरून गाळ काढायला. ना मोटर, ना लाईट, ना बोअर. नुसत्या उतारावर पाणी चालत गावात येतं आणि तिथं उघड्या पाटात निघतं. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटली की फलज जमिनीत जेवढं पाणी आहे तेवढंच देतो, कमी झालं तर सगळ्यांनाच कमी. आमच्याकडं एकानं पाचशे फूट बोअर मारला की शेजारी आठशे मारतो, दोघंही कोरडे होईपर्यंत थांबत नाहीत. आणि पाऊस बघा, मस्कतला वर्षाला सरासरी 100 मिलिमीटरच्या आसपास, लातूरला 700 च्या वर. हा आकडा मी आप्पांना सांगितला तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

गावात पाणी आलं की पहिल्यांदा पिण्यासाठी, मग मशिदीला आणि अंघोळीला, मग खजुराला, आणि उरलं तर हंगामी पिकाला. क्रम ठरलेला. त्यानंतर शेतकऱ्यांच्या पाळ्या. पाळीचं माप साधारण अर्ध्या तासाचं, त्याला ते अथर म्हणतात. घड्याळं नव्हती तेव्हा दिवसा काठीची सावली बघून आणि रात्री तारे बघून पाळी बदलायचे. काही पाळ्या फलजाच्या स्वतःच्या नावावर असतात, त्यांचा लिलाव होतो आणि तो पैसा डागडुजीला जातो. हिशोब ठेवायला वकील नावाचा माणूस असतो, कोर्टातला नव्हे, आपल्याकडच्या पाटकऱ्यासारखा पण गावानं नेमलेला.

आता आप्पांचं सांगतो. आम्ही बागेच्या कडेनं पाटाच्या भिंतीला धरून चालत होतो, आत एक कामगार पाणी फिरवत होता, बांगलादेशी पोरगा. पाटाला जिथं फाटा फुटतो तिथं त्यानं एक चपटा दगड उभा लावला आणि दगडाच्या बाजूच्या फटीत जुनं फडकं कोंबलं, की झालं, पाणी वळलं. इकडच्या वाफ्यात जाणारं पाणी थांबलं, तिकडच्या सारणीत वाळकी पानं तरंगत पाणी पुढं सरकायला लागलं. आप्पा एकदम म्हणाले, "आरं, ह्यो तर दारं धरायलाय!" चपला काढून ते कडेला बसले आणि त्या पोराला आपल्या गावाकडच्या हिंदीत विचारायला लागले, "बेटा, तुम्हारा पानी कितना देर?" तो म्हणाला, "चाचा, आधा घंटा, फिर दूसरे का." "और रात को पाळी आई तो?" पाळी शब्द त्याला कळला नाही पण प्रश्न कळला, तो म्हणाला रात को आई तो रात को. आप्पांनी मान हलवली. आमच्या गावात कॅनॉलची पाळी रात्री दोनला आली की कंदील घेऊन दारं धरायला गेलेला माणूस आहे तो, त्यांना काय समजावायचं. त्यांनी हात पाण्यात घातला, पाट पारदर्शक, खाली बोटाएवढे बारीक मासे, ते येऊन बोटांना चिकटले तरी आप्पांनी हात काढला नाही. आई गेल्यापासून त्यांना इतकं निवांत बसलेलं मी बघितलंच नव्हतं.

आणि हे लिहिताना एक राहवत नाही म्हणून सांगतो, हेच तंत्र आपल्या मराठवाड्यात आहे. औरंगाबादची नहर-ए-अंबरी. मलिक अंबरनं 17व्या शतकात खडकीला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, पाणी आणलं ते असंच, डोंगराकडचं झिरपलेलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून उतारानं शहरात. तो मूळचा हबशी, गुलाम म्हणून विकला जात अरबस्तान-बगदादकडून दख्खनला आलेला माणूस, तिकडं त्यानं असलं पाणी डोळ्यानं बघितलं असणार असं मला आपलं वाटतं. पनचक्कीची नहर वेगळी आणि नंतरची, पण तत्त्व तेच. मी कॉलेजला औरंगाबादला चार वर्षं काढली, पनचक्कीवर मित्रांसोबत किती वेळा गेलो असेन, पण पाणी कुठून येतं हे एकदाही विचारलं नाही. ओमानमधे फलज अजून वाहतात, तीन हजारांच्या आसपास वापरात आहेत. आपल्या नहरींवर घरं झाली, कुठं गाळ भरला, कुठं फुटल्या. याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिकडून आल्यावर आप्पांनी स्वतःहून पनचक्की दाखव म्हणून सांगितलं आणि आम्ही गेलो.

बरं आता तुमच्या कामाचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, उन्हाळ्यात आई-वडिलांना घेऊन अजिबात नको, 45 च्या पुढं जातं. स्वतः गाडी घेणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा आणि लक्षात असू द्या तिकडं गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालते. निझवापर्यंत सरकारी बस आहे, पुढं टॅक्सी, पण म्हाताऱ्या माणसांसोबत गाडीच बरी. गावाच्या थोडं पुढं पोलीस चौकी आहे, तिथून वर जबल अखदरला फोर बाय फोरशिवाय सोडत नाहीत, त्यामुळं साधी गाडी असेल तर वर जायचा विचार करू नका, खालचं गाव बास आहे. शुक्रवारी सकाळी निझवाला शेळ्या-बोकडांचा बाजार भरतो, तो बघायचा असेल तर पहाटे निघून आधी निझवा करा आणि येताना दुपार टळल्यावर इथं वळा, उन्हं उतरल्यावर त्या मातीच्या भिंतींचा रंग बघण्यासारखा असतो. बागा लोकांच्या मालकीच्या आहेत, पाटाच्या कडेनं चाला, वाफ्यात उतरू नका, खजूर तोडू नका. अंघोळीच्या जागा बायकांच्या आणि पुरुषांच्या वेगळ्या असतात, तिकडं कॅमेरा घेऊन जाऊ नका. खांदे-गुडघे झाकतील असे कपडे घाला. खायचं सोबत ठेवा, गावात साधी दुकानं आहेत तेवढीच.

टेकाडावर जुन्या मातीच्या घरांची पडकी वस्ती आहे, तिथनं अख्खी बाग खाली दिसते, फोटो चांगले येतात, पण वाट चढाची आहे आणि भिंती ढासळलेल्या आहेत. वडिलांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना वर नेऊ नका, खाली बैत अल-रुदैदा किल्ल्याजवळ पाट उघडा वाहतो, तिथं सावलीला बसवा, चपला काढू द्या आणि तुम्ही वर जाऊन या, तासाभरानं खाली आलात तरी ते तिथंच बसलेले सापडतील.