गणपतीआधीच फोन करा

प्रश्न : मिस्टर मुंबईला असतात, गणपतीला आणि शिमग्याला येतात. गेल्या दोन्ही वेळी ते परत गेल्यावर मला अंगावरून पांढरं जायला लागलं, खाज आणि लघवीला जळजळही. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या, ‘मिस्टरांनाही औषध लागेल’ म्हणाल्या. मी त्यांना काहीच बोलले नाही. सासूबाई उष्णता म्हणून सब्जा देतात. आता गणपती आले. कसं सांगू?
– एक भगिनी, देवगड तालुका

ताई, सब्जा खुशाल घ्या, पण त्याने संसर्ग जात नाही. डॉक्टरबाई बरोबर बोलल्या. अशा काही संसर्गांत एकट्या बायकोने गोळ्या घेऊन भागत नाही. पुरुषाला बरेचदा काही जाणवतही नाही, ते ठणठणीत असतात आणि पुढच्या सणाला तुमचं दुखणं पुन्हा सुरू.

म्हणून लगेच ‘मुंबईत काय धंदे करता?’ असा जाब विचारू नका. काही जंतू अंगात महिनोन् महिने गुपचूप बसतात. कुणाचे कुणाला कधी लागले, सांगता येत नाही. मनात संशय असेल तर तेही बोला, पण उपचार झाल्यावर.

गणपतीत मात्र हा विषय नको. पडवीत पाहुणे, माजघरात जावा, रात्री भजनं. दोन शब्द बोलायला विहिरीवर जावं लागेल! आत्ताच फोन करा, ते लोकलच्या गर्दीत नसताना. ‘खाली जरा त्रास आहे’ असं मोघम बोललात तर ते मूळव्याध समजतील. सरळ सांगा : ‘मला योनीमार्गात इन्फेक्शन झालंय. डॉक्टरांनी दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायला सांगितलंय. तुम्ही तिकडे दाखवून घ्या.’ केसपेपरचा फोटोही पाठवा. मोठ्या सरकारी रुग्णालयांत यासाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, औषधं मोफत मिळतात.

दोघांचा कोर्स पुरा होईपर्यंत संबंध नकोत, त्यानंतर निरोध वापरा. तांबी बसवली असेल तरीही, कारण तांबीने गर्भ टळतो, संसर्ग नाही. एचआयव्हीची तपासणीही दोघांनी करून घ्या. सरकारी केंद्रात ती फुकट होते. २०१७च्या कायद्याप्रमाणे तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. शंका असल्यास १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारा.

सासूबाईंना सगळं सांगायची गरज नाही. पण ताप आला किंवा ओटीपोटात दुखू लागलं, तर गौरी-गणपतीचं विसर्जन होईपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.